प्रभूची मागची सीट

आमच्या मंडळीत माझ्याएवढा शहाणा माणूस नाय. माझ्याशिवाय हे अजून कुणी म्हणालं नाय, ती गोष्ट वेगळी!

उपासना सुटली की आम्ही चर्चच्या कट्ट्यावर बसायचो. दाराशी चपला साचाव्यात तसे किस्से साचले. चपलावाले एकेक करून गेले, किस्से तेवढे उरले.

चिकलठाण्यात कंपन्या आल्या, हातात पगार आला, नि प्रश्न सुरू झाले. ख्रिस्ती माणसानं सिनेमा बघावा का? पार्टीला जावं का? माझा दोस्त सॅम्युएल, कंपनीत प्रेस मशीनवर कामाला. त्यानं स्कूटर घेतली नि एकच नियम काढला, "मागच्या सीटवर प्रभूला बसवून जिथं जाता येतं, तिथंच जायचं."

*

मी मॅटिनीला गेलेलो सापडलो. सगळ्यांदेखत सॅम्युएल म्हणाला, "डॅनियल, प्रभूला नेलं होतंस का?"

"नेलं ना! पण हाऊसफुल्ल. एकच तिकीट मिळालं!"

पाळकसाहेब भडकले. गायनमंडळातली मार्था तेवढी गीतांच्या पुस्तकाआड हसली. त्या हसण्यापायी पुढं मी लई उद्योग केले.

*

कंपनीच्या पार्टीत साहेबानं बीयर पुढं केली. सॅम्युएल म्हणाला, "नको साहेब, गाडीवर मागं पाहुणा आहे." साहेब बाहेर जाऊन बघून आला. म्हणाला, "ह्याला न पिताच चढलीय!"

*

रविवारी सकाळी टीव्हीवर मालिका लागायची नि बाक रिकामे पडायचे. पाळकसाहेब रागानं बोलवायला आले, नि आमच्या दारात उभेच राहिले. म्हटलं, "बसा की साहेब."

"बसलो तर पाप लागंल!"

मालिका संपेपर्यंत उभे होते.

*

विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा निघाला. आमच्या मंडळीचे पंचकाका गरजले, "देवाच्या लोकांनी राजकारणात पडू नये!" सॅम्युएल मात्र स्कूटर ठेवून चालतच निघाला. मी डिवचलं, "आज प्रभू कुठं बसणार?"

"ते कवाच पायी पुढं गेलेत!"

दुपारी शहागंजात बघतो, तर पंचकाका मोर्चेवाल्यांना घागरीनं पाणी पाजत होते! "काका, हे राजकारण नाय व्हय?"

"पाणी हाय ते. पी गुमान!"

*

मीही स्कूटर घेतली. मार्थाला एकदा वेरूळला न्यायचं, एवढीच हौस. पण लग्न ठरलं नसताना नेणं बरं का? सॅम्युएलचा नियम आठवायचा, नि सगळ्यांची टवाळी करणारा मी तिच्यापुढं मुका व्हायचो. ती लग्न होऊन नगरला गेली.

सॅम्युएल आता नाय. परवा चर्चच्या वर्धापनाला मार्था आली. केस पांढरे, हसू तेच. कट्ट्यावर दोघंच होतो. शेवटी म्हणालोच, "तुला वेरूळला नेणार होतो गं. पण मागची सीट प्रभूची होती ना!"

मार्था म्हणाली,

"मग हँडल प्रभूच्या हाती द्यायचं होतंस की रे, डॅनियल. ट्रिपल सीट मावलो असतो!"