पुस्तकात एकही चूक नव्हती

वसईच्या कॉलेजात मी गणित शिकवायला लागले तेव्हा कॅल्क्युलसचं पुस्तक आधीच ठरलेलं होतं. इंग्रजी, जाडजूड, निळ्या कापडी बांधणीचं. विभागप्रमुखांनी ते स्वतः निवडलेलं, त्यामुळे त्याबद्दल काही बोलायची पद्धत नव्हती. पाचसहा वर्षं मी ते मुकाट्यानं शिकवलं. सकाळी सांडोरहून चालत यायचं, फळा भरायचा, मुलांनी उतरवून घ्यायचं, घंटा झाली की हात झटकायचे. घरी सासूबाईंचं पथ्य, लहान मुलाचं सततचं आजारपण, तपासायचे गठ्ठे. पुस्तक चांगलं की वाईट, असा प्रश्न पडायलाही थोडी ताकद उरावी लागते. ती उरत नव्हती.

तो प्रश्न गिरीज गावच्या एका मुलीनं पाडला. पहिल्या वर्षाला होती, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. घरची केळीची आणि भाजीची वाडी. वर्गात कधी तोंड उघडायची नाही. एक दिवस तास संपल्यावर तिनं पुस्तक माझ्यापुढे उघडून धरलं. पहिल्या प्रकरणाची पानं पेन्सिलीनं भरली होती. प्रत्येक अवघड शब्दाच्या डोक्यावर डिक्शनरीतला मराठी अर्थ. ‘आर्बिट्ररी’वर लिहिलं होतं, ‘लहरी, मनमानी’.

“मॅडम, मी हे चारदा वाचलं. शब्द सगळे काढले. इथं म्हटलंय, एप्सिलॉन दिलेला आहे असं समजा. तो देतो कोण?”

मला हसू आलं आणि तिथंच जिरलं. मी एम.एस्सी. झालेली. मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

“उद्या सांगते,” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला रिकाम्या वर्गात बसवलं. “समज, तुझी कुणाशी तरी पैज लागलीय. तू म्हणतेस, हे उत्तर दोनाच्या हवं तितकं जवळ जातं. समोरची म्हणते, दाखव, इतक्या जवळ. ती जे अंतर सांगेल तो एप्सिलॉन. तिनं कितीही लहान सांगू दे, तुला जमलं पाहिजे.”

“म्हणजे देणारी ती. मी नाही.”

“तू नाहीस.”

तिनं समासात पेन्सिलीनं ‘देणारी समोरची’ असं लिहिलं. “मग असं लिहिलं का नाही यांनी?”

त्यानंतर ती रोज यायला लागली, सोबत तीन मैत्रिणींना घेऊन. डबा खाता खाता आम्ही एकेक पान उलगडायचो. पुढे उलट्या शंकूच्या आकाराच्या टाकीचं गणित आलं. टाकीतून पाणी ठरावीक वेगानं गळतंय, तर पातळी किती वेगानं उतरते. वर्गात ते कुणालाच सुटलं नव्हतं. तिनं आकृतीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हे तर आमच्या बावखलासारखं आहे.”

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्यावरच केळी जगतात.

“ते वर रुंद आणि तळाला अरुंद असतं,” ती मैत्रिणींना सांगू लागली. “मे महिन्यात पंप रोज तेवढाच वेळ चालतो, पण पाणी जास्त जास्त भरभर खाली जातं. बाबा म्हणतात, वरचं पाणी सावकाश उतरतं, खालचं पळतं.”

हेच तर त्या प्रकरणात सांगायचं होतं. मुलीला ते लहानपणापासून ठाऊक होतं आणि पुस्तकानं तिला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. त्या आठवड्यात मी कार्बन पेपर घालून मराठीत हातानं टिपणं लिहिली, बावखलाच्या आकृतीसकट. कित्येक वर्षांनी मला शिकवल्यासारखं वाटलं.

मग धीर करून विभागप्रमुखांकडे गेले. पुस्तक बदलावं, निदान जोडीला काहीतरी सोपं द्यावं, असं सुचवलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “बाई, त्या पुस्तकात मला एक चूक दाखवा.”

“चूक नाही सर. पण ज्याला आधीच येतं, त्यालाच ते समजतं.”

“मग शिकवायला आपण कशाला आहोत?”

त्यांचंही काही खोटं नव्हतं.

मधल्या सुट्टीतली ती बैठक महिनाभर चालली असेल. मग घरी मुलाला कांजिण्या आल्या, माझे आठ दिवस गेले, परत आले तर तिन्ही वर्गांचा पोर्शन मागे. मुलगी दारात उभी राहिली.

“मॅडम, आज बसायचं?”

“आता नको गं. पोर्शन संपवायचाय.”

ती बरं म्हणाली आणि गेली. पुन्हा विचारायला आली नाही.

सहामाहीचा तिचा पेपर माझ्याच गठ्ठ्यात आला. लिमिटची व्याख्या, तीच एप्सिलॉनची, तिनं शब्दन् शब्द पुस्तकातली लिहिली होती, स्वल्पविरामासकट. टाकीचं गणित पर्यायात होतं, त्याला तिनं हातच लावला नव्हता. मी व्याख्येला पैकीच्या पैकी मार्क दिले. दुसरं काय देणार.

रविवारी मिस्सा संपल्यावर ती चर्चच्या आवारात भेटली. मी विचारलं, “टाकीचं का सोडलंस? तुला येत होतं की.”

“बावखलाचं येतं, मॅडम. पेपरात ते इंग्रजीत कसं मांडायचं ते नाही येत. व्याख्या पाठ केली की चालतं.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, तेच जास्त लागलं. पुढच्या वर्षी तिनं गणित सोडून रसायनशास्त्र घेतलं.

मी ते पुस्तक आणखी बरीच वर्षं शिकवलं. एकदा पाठ्यपुस्तकांचा आढावा म्हणून सगळ्या प्राध्यापकांकडे एक छापील तक्ता आला. छपाई, कागद, उदाहरणांची संख्या, अभ्यासक्रमाशी मेळ. विद्यार्थ्याला समजतं का, हा रकानाच नव्हता. खाली ‘इतर सूचना’ म्हणून दोन ओळींची जागा होती. मी पेन उघडलं, त्या दोन ओळींत काय काय मावेल याचा विचार करत बसले. शिपाई तक्ते गोळा करायला आला. मी सगळीकडे ‘समाधानकारक’ लिहिलं, सही केली आणि पुढच्या तासाला गेले.