गुणाबाईच्या हाताची राख

माशांना लसीची सुई टोचल्याच्या सहाव्या सकाळी तलावातल्या जाळ्यात एकोणीस रोहू उलटे तरंगत होते.

"लसीनंच मारले," धनराज म्हणाला. आरमोरीजवळच्या या गावच्या मच्छीमार सोसायटीचा तो अध्यक्ष. "उरलेल्या मच्छीले सुई नाई. मॅडम, सामान गोळा करा."

ब्रह्मपुरीहून येणारी माशांची डॉक्टर रंजीता मेलेला रोहू उलटसुलट पाहत होती. "अंगावर बुरशी आहे, भाऊ. लसीनं बुरशी येत नाही."

"मंग कायनं येते?"

रंजीता वाकून दुसरा रोहू पाहू लागली.

मासळी विकणारी गुणाबाई मांढरे काठावर बसली होती. गेल्या थंडीत याच तलावात माशांना लाल चट्टे उठले, चट्ट्यांच्या जखमा झाल्या आणि पंधरा दिवसांत मासे मरून तलाव रिकामा झाला. वर्षभर तिची टोपली आढ्याला टांगून राहिली. म्हणून लसीसाठी सोसायटीत भांडली ती हीच. मासा धरायचं कामही तिनंच मागून घेतलं.

सुईच्या दिवशी, मासे ओल्या फडक्यात धरा, असं रंजीतानं बजावलं होतं. पहिलाच मासा फडक्यातून निसटला. "म्हातारी झाली वं तू," सोबतची कलाबाई हसली. मग गुणाबाईनं पदराला बांधलेली चुलीची राख बोटांना चोळली, मासळी कापताना चोळते तशी. एकही सुटला नाही. रंजीताची नजर सुईवर होती. पन्नासेक माशांनंतर गुणाबाईचा खांदा भरून आला आणि पुढचे सगळे कलाबाईनं फडक्यात धरले.

आता गुणाबाई उठली. गुडघाभर पाण्यात जाऊन तिनं एक मेलेला रोहू उचलला. एका बाजूला एक पांढरा डाग, दुसऱ्या बाजूला ओळीनं चार. तिनं दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. मग डागांवर आपली बोटं ठेवली. बरोबर बसली.

धनराज लसीची पेटी उचलत होता.

"थांब, भाऊ. लसीनं नाई मेले. माह्या हातानं मेले."

"काय बोलून राह्यली?"

तिनं मासा तसाच धरून दाखवला. "राख लावली होती."

रंजीतानं डोळे मिटले. "राखेनं अंगावरचा चिकटा निघतो, गुणाबाई. तेच त्याचं पांघरूण. ते गेलं की बुरशी चढते."

"कापाच्या माशाले राख लागते. जित्याचं मले काय माहीत?"

धनराजनं माशावरचे डाग पाहिले. मग पेटी खाली ठेवली. "मंग आता उरलेली मच्छी धरते कोण?"

गुणाबाईनं पदराची गाठ सोडून राख झाडली, कोपरापर्यंत हात धुतले आणि फडकं भिजवलं. पहिला मासा निसटला. कोणी हसलं नाही. दुसरा तिनं धरला.