धोंडुबाईच्या कॅसेटमधली नवरी

कासू स्टेशनवरून खाडीकडे चालत गेलं की आमचं गाव, आणि गावाच्या तोंडालाच धोंडुबाईचं घर. ही धवलारीण. लग्नात भटाच्या आधी तिला बोलावणं जायचं. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे धवले तीच गायची. गायची म्हणजे अख्खा मांडव चालवायची. हळद लावणाऱ्या बाया गप्पांत रेंगाळल्या की धवला लांबवायची, आणि दोन ओळींच्या मधे त्याच सुरात, "ए मावशे, पाट सरकव गो, नवरीला उलथवतस काय?" असं सुनावायची. नवरीचं नाव मात्र मांडवाबाहेर कधी गाण्यात घेत नसे. एकदा धवल्यात नाव घातलं की त्या पोरीला हळद लागली, असं तीच सगळ्यांना बजावायची.

त्र्याण्णव साली पनवेलच्या एका कॅसेटवाल्याने तिला नेलं. बंद खोली, समोर माइक. नवरी नाही, हळद नाही, हसायला बाया नाहीत. गाणं नावाच्या जागेपाशी आलं आणि धोंडुबाई अडली. काचेपलीकडून तो हातवारे करू लागला, थांबू नका, कुठलंही घ्या. घाबरलेल्या माणसाच्या तोंडी दिवसभर घरात मारलेली हाकच येते. तिने स्वतःच्या पोरीचं नाव घातलं. भूमिका.

बाहेर येऊन म्हणाली, "तेवढं पुसा." तो म्हणाला, "मावशी, फर्स्ट क्लास झालंय."

झालंच होतं. पेणच्या बाजारात, जोह्याच्या गणपती कारखान्यांत, रोह्याच्या रिक्षांत धोंडुबाई वाजू लागली. मग जवळच्यांनीही बोलावणं बंद केलं. स्पीकरवाला रघू कॅसेट घेऊन यायचा. कॅसेटला चहापाणी लागत नसे, आणि ती कुणाला सुनावत नसे. अडचण एकच, प्रत्येक मांडवात नवरी भूमिका निघायची. रघूने तोडगा काढला. नाव आलं की तो आवाज बारीक करायचा आणि बायांनी खऱ्या नवरीचं नाव ओरडायचं. कासूला दीपिका नावाच्या नवरीच्या हळदीत त्याचा हात चुकला, तर तिची आत्या कडाडली, "मेल्या, कुनाला हळद लावतस?"

लोक हसले. पण भूमिकाला बघायला आलेले पाहुणेही चहा पिऊन हसत विचारू लागले, "हिला हळद किती येला लागली?" दोन स्थळं अशी गेली. धोंडुबाईचा नवरा नाथा मिठागरावरून येऊन बायकोशी न बोलता जेवू लागला.

तिसरं स्थळ शहाण्णवला वरसेहून आलं. मुलगा हरेश, कंपनीत शिफ्टला. त्याची आई विमलबाई म्हणाली, "तसलं मी काय मानत नाय." लग्न त्यांच्या दारी, हळदही तिथंच. धोंडुबाईने एवढंच मागितलं, "पोरीचे धवले मी म्हनीन."

विमलबाईने प्रेमाने तिचा हात धरला. "विहीनबाय, तुमी मानानं बसा. कॅसेट हाय की. आनि तुमच्या पोरीचं नाव तर तीत हायच!"

बैठक खो खो हसली. नाथाने बायकोकडे पाहिलं. तिला नाही म्हणता आलं नाही.

वरसेच्या मांडवात नाव पहिल्यांदाच बरोबर आलं. आवाज बारीक करावा लागला नाही. पण कॅसेटवरचा धवला सात मिनिटांचा. हळद भूमिकाच्या कोपरापर्यंत पोचली तोच तो संपला, आणि मागोमाग पाठवणीचा सुरू झाला. बायांचे हात थांबले.

"आय गो, तू म्हन," भूमिका म्हणाली.

धोंडुबाई खुर्चीतून उठून पाटाशी आली. पहिली ओळ लावली. तीन वर्षं न गायलेला गळा, फाटला. तेवढ्यात मशीनवाल्याने घाईघाईने कॅसेट मागे नेऊन तोच धवला पुन्हा लावला. दोन धोंडुबाया एकदम गाऊ लागल्या. खोक्यातली तीन वर्षांनी लहान, आणि आवाजाने दसपट. बायांचे हात तिच्याच तालावर चालू लागले.

धोंडुबाईने ओळ अर्ध्यावरच सोडली.

"आय," भूमिकाने पुन्हा हाक मारली.

"म्हनते हाय ना ती," धोंडुबाई म्हणाली आणि लेकीच्या पायांना हळद लावायला खाली बसली. नाव आलं तेव्हा तिने मान वर केली नाही.