नानाचं अडतीस

ताडपत्रीच्या दुकानात तुकडे साठतात. गिऱ्हाईक बारा बाय अठराची मागतं, आपण मोठ्या गठ्ठ्यातून कापून देतो आणि हातभर पट्टी उरते. ती विकली जात नाही आणि टाकवतही नाही. किश्शांचं तसंच आहे. दुकानाचा एक कोपरा तुकड्यांनी भरलाय आणि माझं डोकं किश्शांनी. आज त्यातले फक्त व्हिटॅमिन डीचे काढतो. प्रत्येकात नानाशेठ आहे, त्याला माझा इलाज नाही. माझ्या पोटात जेव्हा जेव्हा दुखलं, तेव्हा तेव्हा समोर तोच होता.

समोर म्हणजे अगदी समोर. लोणावळ्याच्या बाजारात मी ताडपत्री, दोर, छत्र्या, रेनकोट विकतो. नानाही तेच विकतो. मधे बारा पावलांचा रस्ता. आठवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो, तेव्हा तो मला बाळ्या म्हणायचा. समोरासमोर दुकानं टाकली आणि त्या दिवसापासून मी बाळाशेठ झालो. जुना दोस्त शेठ म्हणायला लागला की त्याच्यावर लक्ष ठेवायचं असतं, हे मला कुठल्या शाळेने शिकवलं नाही.

आमच्या बाजारात एक रीत आहे. एकाच धंद्यातल्या माणसाने दुसऱ्याच्या ओट्यावर पाय ठेवायचा नाही. ठेवला की गिऱ्हाईक समजतं, याच्याकडचा माल संपला. त्यामुळे गेली तीस वर्षं आमचं सगळं बोलणं रस्त्याच्या या काठावरून त्या काठावर चालतं. मधून टेम्पो गेला की वाक्य तिथंच थांबतं, आणि टेम्पो गेल्यावर पुढे सुरू होतं.

*

दिवाळीनंतर व्यापारी मंडळाने रक्ततपासणीचं शिबिर ठेवलं. तळेगावहून एक तरुण डॉक्टर मॅडम आल्या होत्या. रिपोर्ट आले तेव्हा त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात तुम्हाला ऊन दिसत नाही हे समजू शकते. पण उरलेले आठ महिने तुम्ही असता कुठं?"

आम्ही दुकानात असतो. छपराखाली. आणि छपरावर ताडपत्री माझी.

माझं व्हिटॅमिन डी निघालं नऊ. मी विचारलं, "शंभरपैकी का?" मॅडम म्हणाल्या, "तीसच्या वर असलं तर बरं. नऊ म्हणजे शेठ, दुकान उघडं आणि आत माल नाही, असं समजा." मग विचारलं, पाय दुखतात का, जिना चढताना कंबर धरते का. दुखत होते, धरत होती. मी ते सगळं वयाच्या नावावर टाकून मोकळा झालो होतो.

संध्याकाळी प्रत्येक जण आपापल्या ओट्यावरून आकडा सांगत होता, सकाळी भाजीचा भाव सांगतात तसा. कुणाचं अकरा, कुणाचं चौदा. सगळ्यांचं सांगून झाल्यावर नाना बाहेर आला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "अडतीस."

मी म्हटलं, "कशाचे?"

"डीचे. आमी कान्ह्याची शेतातली मानसं, बाळाशेठ. आमच्या रगतातच ऊन हाय."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माझ्या बायकोने, सुमनने, विचारलं, "नऊ आलं म्हणून काळजी वाटते का?"

"नाही," मी म्हटलं. "त्याचं अडतीस आलं म्हणून."

*

कोवळं ऊन चांगलं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मी दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून वळवणच्या धरणाकडे जायला लागलो. स्वेटर, मफलर, कानटोपी, आणि सूर्याकडे तोंड. महिनाभर एक दिवस चुकवला नाही. समोर नुसतं धुकं असायचं. धुक्याच्या पलीकडे सूर्य असणार, एवढ्या विश्वासावर बसून राहायचं.

महिन्याने मॅडमकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंगाचा कोणता भाग उघडा होता?"

"नाक," मी म्हटलं.

मग त्यांनी समजावलं. पहाटेच्या उन्हाने मन प्रसन्न होतं, पण डी मिळायला ऊन वर यावं लागतं. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली की समजायचं, आता कामाचं ऊन आलं. अकरा ते दोनच्या मधे केव्हातरी वीसेक मिनिटं, हातपाय उघडे ठेवून बसायचं. भाजून घ्यायचं नाही.

अकरा ते दोन! म्हणजे ऐन गिऱ्हाइकाची वेळ. निसर्गाने निदान दुकानदारांना तरी एकदा विचारायला हवं होतं.

*

मी धंद्यातला माणूस. गिऱ्हाईकही सोडायचं नाही आणि ऊनही सोडायचं नाही, म्हणून युक्ती काढली. आमच्या दुकानाच्या पूर्वेच्या भिंतीवर सकाळी दहा-अकराला चांगलं ऊन येतं. तिथली भिंत फोडून माणसाच्या उंचीची काच बसवली. काचेमागे खुर्ची टाकली, बाह्या वर केल्या आणि बसलो. गिऱ्हाईक आलं तर तिथूनच भाव सांगायचा.

पंधरा दिवसांनी मॅडम ताडपत्री घ्यायला आल्या. मी मोठ्या अभिमानाने काच दाखवली. त्यांनी काचेवर टिचकी मारून बघितली. मग म्हणाल्या, "शेठ, काचेतून उजेड येतो, ऊबही येते. डी तयार करणारा भाग मात्र काचेच्या बाहेरच राहतो."

पलीकडून नाना सगळं ऐकत होता. गिऱ्हाइकाला दोर मोजून देता देता म्हणाला, "बाळाशेठ, ऊन शोकेसमदी ठिवलंत व्हय? इकायला काडलं का कळवा."

*

गोळ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी लिहून दिल्या होत्या. आठवड्याला एक कॅप्सूल, जेवणानंतर, आठ आठवडे. काचेचा किस्सा झाल्यावर मी त्या बाहेर काढल्या. आठ आठवडे म्हणजे दोन महिने. तोवर नाना काय अडतीसवर थांबून राहणार होता?

मी आठवड्याला नाही, रोज एक घ्यायला लागलो. चार दिवसांत चार कॅप्सूल पोटात. पाचव्या दिवशी पुढच्या घ्यायला औषधाच्या दुकानात गेलो, तर तिथल्या माणसाने मला बाकावर बसवलं आणि मॅडमना फोन लावला.

मॅडम खरोखर रागावल्या. "हा गोदामात भरायचा माल नाही. जास्त झालेलं डी शरीर सहज बाहेर टाकत नाही, साठवून ठेवतं. कॅल्शियम वाढतं, मूत्रपिंडांवर येतं. माणसं दवाखान्यात भरती होतात यापायी." लगेच दवाखान्यात बोलावून रक्त तपासलं. नशिबाने कॅल्शियम ठीक निघालं. महिनाभर गोळी बंद केली आणि पुढचं पाकीट थेट सुमनच्या हातात दिलं. ते आता देव्हाऱ्यात असतं, कुंकवाच्या करंड्याशेजारी.

निघताना मी हळूच विचारलं, "नाना काय घेतो हो?"

"दुसऱ्याच्या रिपोर्टबद्दल मी बोलत नाही," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्यावर जेवढं लक्ष ठेवता, त्याच्या निम्मं स्वतःवर ठेवा."

बाजारात बातमी माझ्या आधी पोचली होती. मी ओटा चढतोय तोच रस्त्यापलीकडून आवाज आला, "औषद बी ठोक भावात घेताय म्हनं!"

*

आता जे सांगतो ते कुणाला सांगितलेलं नाही.

नानाच्या दुकानाचं तोंड दक्षिणेला आहे, माझ्या दुकानाचं उत्तरेला. रस्ता आखणाऱ्याने तिथंच पक्षपात केला. थंडीच्या दिवसांत अकरा वाजले की त्याच्या ओट्यावर ऊन उतरतं आणि माझ्या ओट्यावर सावली बसून राहते. शिबिर झाल्यापासून नानाने ओट्यावर एक खुर्ची टाकली होती. बाह्या कोपरापर्यंत, पँट गुडघ्यापर्यंत, डोळे मिटलेले. गिऱ्हाईक आलं की तिथूनच भाव सांगायचा. म्हणजे माझीच युक्ती, पण बिनकाचेची!

रोज अकरा वाजता मी ते बघत होतो. धरण झालं, काच झाली, गोळ्या झाल्या, आणि याला घरबसल्या फुकट.

एक दिवस मी दुकानावरच्या आमच्या घराच्या गच्चीवर गेलो. तिथं पावसाळी शेडचा जुना लोखंडी सांगाडा उभा आहे. त्यावर वीस फुटी निळी ताडपत्री चढवली आणि रस्त्याकडची कड चांगली उंच बांधली. सुमन म्हणाली, "कशाला?"

"माल झाकायला."

"वर माल कुठं आहे?"

"येईल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अकराला नानाच्या ओट्यावर सावली पडली. त्याने खुर्ची हातभर डावीकडे सरकवली. मग आणखी हातभर. मग अगदी कडेला, जिथं पुढे गटार आहे. शेवटी खुर्ची उचलून आत नेली. जाताना एकदाच वर आमच्या गच्चीकडे बघितलं.

मी वाट बघत होतो. या माणसाकडे माझ्या प्रत्येक गोष्टीवर टोमणा तयार असतो. त्या दिवशी तो काही बोलला नाही. मला त्या दुपारी भूक चांगली लागली, खोटं कशाला सांगू.

*

पंधरा दिवसांनी नानाची आई माझ्या दुकानात आली. ऐंशीच्या घरातली बाई, कान्ह्याला एकटी राहते, अजून शेतावर जाते. सकाळच्या गाडीने आली होती, गुरांच्या पेंढ्यावर टाकायला ताडपत्री हवी म्हणून.

मी म्हटलं, "मावशी, समोर पोराचं दुकान आहे की."

"त्यो पैसं घेत न्हाई," मावशी म्हणाल्या. "मंग भाव कुनाशी करायचा?"

आम्ही चांगला अर्धा तास भाव केला. ताडपत्री बांधता बांधता मी विषय काढला. म्हटलं, नानाचं बरं आहे मावशी, रक्तात ऊन आहे त्याच्या. अडतीस.

मावशींना हसू आलं. "त्येचं कुटं? त्ये माजं. तुमच्या शिबिराला मला बी आनलंतं त्येनं. डागतरीन बाई म्हनली, आजी, तुमी लय भारी. अडतीस. आन् नानाला म्हनली, सात. लय बोलली त्येला. पाय वळत्यात त्येचं, जिन्यावर बसून बसून चढतो. रोज उन्हात बसायचं सांगितलंय."

मी दोराची गाठ मारत होतो. ती गाठ मी तीनदा सोडली आणि तीनदा मारली.

मावशी ओट्यावर उभ्या राहून समोर बघत होत्या. "हितं त्येच्या दारात ऊन याचं की रं," त्या म्हणाल्या. "कुटं गेलं?"

*

दुसऱ्या दिवशी बाजार बंदचा वार होता. ताडपत्री उतरवतो असं सुमनला सकाळीच सांगितलं, आणि पक्कड, सुरी घेऊन बाराच्या सुमाराला गच्चीवर निघालो. जिना चढताना डोक्यात एकच आकडा होता. सात. माझ्यापेक्षा दोनने कमी. एरवी हे कळल्यावर मी बाजारभर पेढे वाटले असते.

वर पोचलो तर गच्चीचं दार उघडं.

आमच्या घराला मागच्या बोळातून एक जिना आहे. तो ओट्यावरून जात नाही, म्हणजे बाजाराची रीत त्याला लागू नाही. त्या जिन्याची किल्ली सुमनकडे असते. ताडपत्रीच्या पलीकडे, दक्षिणेच्या अंगाला, गच्चीवर ऊन नुसतं सांडलेलं होतं. तीस वर्षं हे ऊन माझ्या डोक्यावर होतं, आणि मी भिंत फोडून काच बसवली.

तिथं दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या, त्यातली एक अर्धी ताडपत्रीखाली. मधे स्टुलावर चहाचे दोन पेले, एक रिकामा, एक बशीने झाकलेला. एका खुर्चीत नाना बसला होता. बनियनवर, पँट गुडघ्यापर्यंत, पाय लांब सोडलेले, डोळे मिटलेले. त्या खुर्चीच्या पायांखाली फरशीवर गंजाच्या चार गोल खुणा पडल्या होत्या. काल-परवाच्या नव्हत्या त्या, ताडपत्री चढली तेव्हापासूनच्या असणार.

आणि दोन खुर्च्यांतली पूर्ण उन्हातली त्यानेच घेतलेली!

मी पक्कड हातात धरून उभा राहिलो. तीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या दोघांच्या मधे रस्ता नव्हता.

नानाने डोळे उघडले नाहीत. चहाच्या पेल्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "बाळ्या, ती ताडपत्री वाईच मागं सरकीव. तुज्या खुर्चीवर सावली येतीया."