आकृतीतली चूक

पंपवाले सर प्रयोगशाळेत बसून संत्रं सोलायचे. दोन फोडी मला द्यायचे, उरलेल्यांच्या गराचे कण हलक्या हातानं मोकळे करून मिठाच्या पाण्यात सोडायचे आणि ते पाणी स्वतः बनवलेल्या काचेच्या हृदयातून खेळवायचे. डोळ्याला भिंग. "जिथं कण बसला, तिथं रक्ताची गाठ होणार."

नागपूरच्या आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत. मी त्यांच्या हाताखाली नवाच लागलेलो. परदेशात कृत्रिम हृदयावर काम चाललंय, हे आम्ही तेव्हा फक्त वाचायचो. सर मूळचे नरखेडचे. म्हणायचे, "विहिरीवरचा पंप बिघडला तं मेकॅनिक येते. हा छातीत बिघडला तं कोणाले बोलावशील गा?" दोन वर्षं खपून केलेला साचा त्यांनी कण अडकणाऱ्या एका कोपऱ्यापायी स्वतःच फोडला. शेवटी आत येणारी नळी तिरपी बसवली, तेव्हा धार सगळी भिंत धुऊन जाऊ लागली. एकही कण बसेना. त्या दिवशी सर वर्गात जायचंच विसरले.

लेख त्यांनी लिहिला आणि टाइप करून घ्यायला माझ्याकडे दिला. विभागप्रमुख म्हणाले, "त्यांच्याकडं कुठं पीएचडी आहे? लेखावर माझं नाव टाका, तुमचं टाका. तुम्हाला बाहेर जायचंय ना?" मी मान डोलावली. माझा हात कुणी पिरगाळला नव्हता.

लेख छापलेला अंक आला. नावं सरांनी पाहिली असणारच. पण त्यांनी बोट ठेवलं ते आकृतीवर.

"नळी सरळ काढली तू. कोणी याच्यावरून पंप बनवला तं माणूस मरन."

आकृती मी घाईत नकलून काढली होती. "सर, ते नावाचं..."

"ते तुझं तू पाह्य. हे आधी दुरुस्त कर."

दुरुस्तीचा मजकूर त्यांनी स्वतः लिहून दिला. मग हात पुढे करून माझ्याकडची प्रयोगशाळेची किल्ली मागून घेतली.

दुरुस्ती पाठवायची म्हणजे आपलंच यंत्र आपल्याला कळलं नव्हतं, असं कबूल करायचं. मी तो कागद फायलीत ठेवला आणि विमानात बसलो.

दोन वर्षांनी सरांचं पत्र आलं. निवृत्त झाले होते, तब्येत खालावली होती. विचारलं होतं एवढंच: दुरुस्ती छापून आली का?

मी लिहिलं, आली.

त्यांचं उत्तर लगेच आलं.

"बरं झालं गा. जिवाले घोर होता."

त्यानंतर महिन्याभरात ते गेले.