तीन बोंबील, चार वाटे

स्वतःच्याच हॉलमध्ये शिरताना कमळीताईंनी चपला दाराबाहेर काढल्या, आणि मग स्वतःलाच हसल्या. पण टीव्हीसमोर मांडलेल्या त्या कीबोर्डजवळ चपला घालून जायला पाय धजेना. शहाऐंशी साली त्या नववीत होत्या, तेव्हा शाळेत कॉम्प्युटर आला होता. त्याच्या खोलीत अनवाणीच जायचं, असा नियम. मुली ओल्या फडक्यावर पाय पुसून, हळू आवाजात बोलत आत जायच्या.

हे यंत्र त्यांच्या मुलीने, जाईने, वाढदिवसाला आणलेलं. रूप जुन्या घरगुती कॉम्प्युटरचं, पण बनावट नवी. आख्खा कॉम्प्युटर कीबोर्डातच, वायर टीव्हीला लावायची.

“यात इंटरनेट नाही, व्हिडिओ नाही,” जाई म्हणाली होती. “चालू केलं की बेसिक येतं, तुझ्या शाळेतली ती प्रोग्रामची भाषा, आणि एक चौकोन लुकलुकत बसतो. तू सांगशील तेवढंच करणार.”

“बावीस वर्षं उलटंच केलंय गं मी,” कमळीताई म्हणाल्या.

ते खरंच होतं. न्हावा शेवा बंदरातल्या एका ऑफिसात त्यांनी बावीस वर्षं कंटेनरचे नंबर टाइप केले. कॉम्प्युटर विचारायचा, त्या भरायच्या. त्याला काही सांगायची वेळ आली नाही. सांगायचं मात्र होतं. नववीत त्यांनी चौकटीच्या वहीत एक प्रोग्राम लिहिला होता. दहा, वीस, तीस असे ओळींना नंबर, मधे काही सुचलं तर जागा असावी म्हणून. तिथी द्यायची, त्याने भरतीची वेळ सांगायची. शनिवारी जोडीला दहा मिनिटं मिळत, आणि जोडीदारीण आधी आपलं नाव पडद्यावर शंभरदा छापून घेई. मग दिवाळीत कॉम्प्युटरच्या सरांची बदली झाली, खोलीला कुलूप लागलं आणि प्रोग्राम वहीतच राहिला.

आता तो चालवायची निकड निघाली होती, ती बामुळे.

बा म्हणजे त्यांचे वडील, गंगाराम. उरणकडच्या खाडीत जन्म गेला. ऐंशी ओलांडल्यावर गुडघ्यांनी हात टेकले, म्हणून दोन वर्षांपूर्वी लेकीकडे कामोठ्याला आला, चौथ्या मजल्यावर. गावात होडी चालवतो तो धाकटा मुलगा, जयदेव. दुपारची जेवणं झाली की त्याचा रोज फोन यायचा, आज भरती कवा? जयदेवच्या मोबाइलमध्ये भरती मिनिटासकट दिसते, हे बाला ठाऊक होतं. तरी फोन येई, आणि बा भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून, बोटांवर मोजून वेळ सांगे. चौथ्या मजल्यावरून होडी तोच हाकत होता म्हणा ना.

गेल्या महिन्यात मात्र तो दोनदा चुकला. दुसऱ्या वेळी जयदेवने मोबाइल न बघता होडी काढली आणि ती अर्धा दिवस चिखलात बसली. जयदेव एका शब्दाने बोलला नाही. फोन तेवढा थांबला.

अठरा दिवस झाले. बा जेवण झालं की मोबाइल मांडीवर घेऊन बसे. चार्जिंग आहे का, रेंज आहे का, दहादा विचारी. मग बोटं मोजायला घेई, अर्ध्यात अडके आणि मूठ मिटून टाके.

म्हणून कमळीताईंना ते जुनं गणित यंत्रात घालायचं होतं, बाला स्वतःच्या बोटाने बटण दाबता यावं म्हणून. गणित सोपं. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. त्यांनी वहीतल्यासारखंच केलं. तीन भागिले चार, म्हणजे पाऊण, एका डब्यात, यंत्राच्या आठवणीतल्या नाव दिलेल्या जागेत, ठेवलं. पुढच्या ओळीत तिथीला त्या डब्याने गुणलं. त्या दिवशी दशमी होती. दहा टाकले.

पडद्यावर शून्य आलं.

अकरा टाकून पाहिले. शून्यच.

“काय म्हनतो तुझा डबा?” सोफ्यावरून बाने विचारलं.

“शून्य म्हनतो.”

“म्हंजे खाडीला पानीच न्हाय?”

कमळीताईंनी डब्यात काय आहे ते छापून पाहिलं. तिथेच शून्य होतं. “याला अपूर्नांक कळत न्हाय, बा.” बाशी बोलताना त्यांची भाषा आपोआप गावाची होते. “पाऊन सांगितलं तर फेकून देतो.”

बाने पडद्यावरचं शून्य निरखलं. मग म्हणाला, “त्याची काय चूक? तीन बोंबील घेऊन चार खलाशांना वाटाया बसलीस. कुनाच्या हातावर आख्खा येल का?”

“मंग काय करू?”

“आदी मासळीची पाटी भर. तिथीची तिप्पट कर, समदे बोंबील एका पाटीत ओत. मंग चार वाटे घाल. दहाचे झाले तीस. चार वाटे, सात सात. उरले किती?”

“दोन.”

“दोन पाव म्हंजे अर्धा. साडेसात.” बा थांबला आणि आपल्याच हाताकडे बघत राहिला. बोटं मोजलीच नव्हती.

कमळीताईंनी ओळी बदलल्या. आधी तीनने गुणा, मग चारने भागा, उरेल त्याची पंधरा-पंधरा मिनिटं. बा भिंत धरत उठला, खुर्चीत बसला आणि एक, मग शून्य, असं सावकाश दाबलं. पडद्यावर सात आणि तीस उमटले. त्याने मान हलवली, शिकाऊ खलाशाने नांगर नीट टाकल्यावर हलवावी तशी.

“लाव जयदेवला.”

जयदेवने पहिल्याच रिंगला उचलला. बाने रागरुसवा काही काढला नाही. “आज साडेसातला पुरं पानी,” एवढंच म्हणाला.

पलीकडे जयदेवने मोबाइलवर वेळ बघितली. मग जयदेव जपून म्हणाला, “मोबाइल सात पंचवीस दाखवतो, बा.”

“पाच मिन्टं तुला नांगर उचलायला लागतात.”

जयदेव हसला. चिखलाचा विषय त्याने काढला नाही, बाने पण नाही. खलाशी कोण, जाळं कुठलं, असं थोडं झालं. मग जयदेव म्हणाला, “आता लावलाच हायस तर उद्याची पन सांगून ठेव.”

अकरा दाबायचे होते फक्त. कमळीताईंनी हात पुढे केला, तो बाने धरला.

“उद्याची उद्या इचार,” त्याने फोनमध्ये सांगितलं. “जेवन झाल्यावर.”