पेकोसच्या माळावर मनूचं रॉकेट आणि माझं नवं मेमरी कार्ड

"दादा, तुझा तो मोठा कॅमेरा घेऊन ये. आणि मधले मधले फोटो नकोत, सगळे पाहिजेत."

हा फोन आला तेव्हा मी टेक्सासमधल्या फ्रिस्कोतल्या घरी डिशवॉशर लावत होतो. फोन धाकट्या बहिणीचा, मृण्मयीचा. आम्ही तिला मनू म्हणतो. नागपूरला इंजिनियरिंग करून ती टेक्सासमधल्याच एका युनिव्हर्सिटीत एरोस्पेसमध्ये मास्टर्स करायला आली आणि पहिल्याच सेमिस्टरला विद्यार्थ्यांच्या रॉकेट टीममध्ये शिरली. आता ती त्या टीमची कॅप्टन आहे. हे शेवटचं वाक्य गेल्या काही महिन्यांत ऑफिसात, पॉटलक जेवणांना, इंडियन ग्रोसरीच्या रांगेत, जमेल तिथे सांगून झालंय, त्यामुळे ब्लॉगवर न सांगणं शक्यच नाही.

फोनमागचं कारण गंभीर होतं. वसंतात त्यांचं आधीचं रॉकेट वर छान गेलं, पण खाली येताना मोठं पॅराशूट नीट उघडलं नाही. रॉकेट जमिनीवर आदळलं, चुरा झाला, आतलं रेकॉर्डिंगचं यंत्रही गेलं. नेमकं काय बिघडलं ते कुणालाच कळलं नाही, कारण त्या क्षणाचा एकही धड फोटो नव्हता. फोनच्या व्हिडिओत फक्त एक काळा ठिपका. आता नवं रॉकेट तयार होतं. पश्चिम टेक्सासमधल्या पेकोस गावाच्या पुढे एका रँचवर हौशी रॉकेटवाल्यांचा क्लब महिन्यातून एका वीकेंडला उड्डाणं करू देतो. पुढच्या स्पर्धेत उतरायचं तर त्याआधी रॉकेट एकदा तरी उडून धडधाकट परत आलेलं दाखवावं लागतं, आणि मनूच्या टीमसाठी हा शेवटचा वीकेंड होता.

"वर जाताना पाच सेकंद, मग थांबायचं, आणि मोठं पॅराशूट उघडताना परत. मधे एक मिनिटसुद्धा नसेल," ती म्हणाली. "जमेल ना?"

"अगं, माझा कॅमेरा सेकंदाला वीस फोटो काढतो," मी ऐटीत म्हणालो.

त्याच संध्याकाळी गॅरेजमध्ये ऐट उतरली. फोनवर स्टॉपवॉच लावून तो भिंतीला टेकवला आणि कॅमेऱ्याचं बटण दाबून धरलं. दोन-तीन सेकंद मशीनगनसारखा आवाज आला. मग कॅमेरा अडखळला आणि आचके देत एकेक फोटो काढू लागला. बटण सोडलं तरी लाल दिवा जवळजवळ मिनिटभर लुकलुकत राहिला. म्हणजे पॅराशूट उघडेल त्याच वेळी माझा कॅमेरा आधीचे फोटो गिळत बसलेला असणार.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता, कार्डाचा होता. कॅमेरा फोटो आधी स्वतःच्या पोटात साठवतो आणि तिथून कार्डावर उतरवतो. नळ धो धो वाहतोय आणि मोरी बारीक, अशी ती गत. माझ्या कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बघूनच मी ते कौतुकानं घेतलं होतं, पण तो वाचण्याचा वेग होता, म्हणजे कार्डावरून लॅपटॉपवर कॉपी करतानाचा. लिहिण्याचा वेग पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात होता आणि तो अगदीच बेताचा होता. कार्डावरचा व्ही ३० हा शिक्काही तेच सांगतो. सेकंदाला किमान तीस मेगाबाइट लिहिण्याची हमी. व्हिडिओला ठीक, रॉकेटला नाही.

मिररलेस कॅमेरा घेऊन अशा सहलीला निघणाऱ्यांसाठी, आठवडाभर रिव्ह्यू वाचून मला जे कळलं ते असं. कॅमेऱ्याला दोन खाचा असतील तर कुठल्या खाचेत कुठलं कार्ड बसतं ते आधी मॅन्युअलमध्ये बघा. माझ्याकडे एक साध्या एसडी कार्डाची आहे आणि एक सीएफएक्स्प्रेस नावाच्या जाडजूड, वेगवान कार्डाची, जी मी कॅमेरा घेतल्यापासून रिकामीच ठेवली होती. सीएफएक्स्प्रेसमध्येही सगळ्यात वरचा वेग काही क्षणांपुरताच असू शकतो, सतत लिहिण्याचा वेग शोधा. एकाच नावाच्या कार्डांमध्ये लहान साइजचं कार्ड पुष्कळदा हळू असतं, म्हणून मी सगळ्यात छोटं न घेता त्याच्या वरचं घेतलं. खात्रीच्या दुकानातूनच घ्या, नकली कार्डं हुबेहूब दिसतात. लॅपटॉपला जोडायचा कार्ड रीडरही वेगळा लागतो. किंमत बघून माझी बायको सायली म्हणाली, "एवढ्यात आपण सांता फेची ट्रिप करून आलो असतो." पण गॅरेजमधल्या दुसऱ्या चाचणीत नवं कार्ड थांबेचना, तेव्हा स्टॉपवॉच तीच धरून उभी होती.

शुक्रवारी हाफ डे टाकून दुपारी निघालो. फोर्ट वर्थच्या ट्रॅफिकमधून सुटलं की आय-ट्वेंटी हायवे सरळ पश्चिमेला जातो. ॲबिलीनच्या पुढे दोन्ही बाजूंना पवनचक्क्यांचं जंगल लागतं, आणि मिडलंड, ओडेसाच्या आसपास तेल उपसणारे पंप माना हलवत उभे दिसतात. एकूण सात-आठ तासांचा ड्राइव्ह आहे. ओडेसाला टाकी भरून घ्या, पुढे पेट्रोल पंप आहेत पण विरळ. आम्ही वाटेत धपाटे आणि दही खाल्लं, कॉफी तेवढी विकत घेतली. पेकोसमधली मोटेल्स तेलवाल्या कामगारांसाठी बांधलेली आहेत, त्यामुळे वीकेंडला खोल्या मिळतात आणि नव्वद-शंभर डॉलरमध्ये स्वच्छ खोली मिळाली. शेजारच्या मेक्सिकन टपरीवरचे अंडं-बटाट्याचे टाको सकाळी बांधून घ्या. रँचवर खायला काहीच मिळत नाही. पाणी, टोप्या, घडीच्या खुर्च्या, सगळं आपलं आपण.

डांबरी रस्ता सोडून पांढऱ्या मातीच्या रस्त्याला लागलं की गाडीमागे धुळीचा पडदा उभा राहतो. गुडघाभर काटेरी झुडपं, क्षितिजापर्यंत एक झाड नाही, आणि मधोमध पाच-सहा तंबू. त्यातल्या एका तंबूखाली मनू दिसली. डोक्यावर टोपी, हाताला काळं ग्रीस, आणि समोर टेबलांवर आडवं ठेवलेलं, माझ्यापेक्षा उंच रॉकेट.

"वहिनी!" करत तिनं सायलीला कोपरांनीच मिठी मारली, ग्रीस लागू नये म्हणून. मग मला म्हणाली, "आलास? आधी दुसऱ्या टीमचं उडतंय. त्याच्यावर प्रॅक्टिस कर."

रेंजचे, म्हणजे उड्डाणाच्या मैदानाचे, प्रमुख वॉल्टर नावाचे पांढऱ्या मिशांचे आजोबा होते. त्यांनी भोंग्यावरून उलटे आकडे मोजले, मी बटण दाबलं, आणि नवं कोरं कार्ड असलेला माझा कॅमेरा दोन-तीन सेकंदांत अडखळला. अगदी गॅरेजमधल्यासारखा.

"अमेय, गॅरेजमध्ये तर मस्त चाललं होतं," सायली म्हणाली. "तेव्हापासून काय बदललंस?"

प्रश्न साधा होता आणि उत्तर त्यातच होतं. निघण्याआधी, फोटो हरवायला नकोत म्हणून, प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर लिहायचं बॅकअपचं सेटिंग मी चालू केलं होतं. दुसऱ्या खाचेत जुनं एसडी कार्ड होतं. दोन्हीकडे लिहायचं म्हटलं की कॅमेरा हळू कार्डाच्या चालीनं चालतो. एसडी काढून खिशात टाकलं, सेटिंग बंद केलं, आणि पुढच्या दोन परक्या रॉकेटांवर कॅमेरा एकदाही थांबला नाही. तुम्हीही घरून निघताना जसं सेटिंग असेल तसंच ठेवून चाचणी घ्या, एवढंच सांगतो.

दुपारी मनूच्या रॉकेटची पाळी आली. भोंगा म्हणाला, "टीम कॅप्टन, तयार?" आणि माझी बहीण, जी नागपूरला शाळेच्या गॅदरिंगमध्ये पडद्यामागे लपून बसायची, खणखणीत आवाजात म्हणाली, "रेडी!"

आधी आग दिसली. रॉकेट उड्डाणाच्या उभ्या रुळावरून सुटून निम्मं वर गेलं तेव्हा कुठे आवाज छातीवर आदळला. मी पाच सेकंद बटण दाबून धरलं. लाल दिवा क्षणात विझला. रॉकेट वर टोकाला पोचलं, छोटं पॅराशूट उघडलं, ते झपाट्यानं खाली येऊ लागलं. मग मोठं, केशरी पॅराशूट बाहेर पडलं आणि मी पुन्हा बटण दाबलं.

ते उघडलं नाही. म्हणजे अर्धवट उघडलं, वाऱ्यानं मोडलेल्या छत्रीसारखं. रॉकेट वाकडंतिकडं झुलत आलं आणि जमिनीवर धप्पकन आपटलं.

सगळे धावत गेले. या वेळी चुरा झाला नव्हता, पण एक पंख बुडाशी तडकला होता. इलेक्ट्रॉनिक्स बघणारा कार्लोस डोकं धरून म्हणाला, "परत तेच. पॅराशूट सोडणारं सर्किट उशिरा पेटलं. मी वेळ बदलतो."

"थांब," मनू म्हणाली. "काही बदलू नकोस. दादा, फोटो."

रीडरमधून फोटो लॅपटॉपवर घेतले. मनू मांडी घालून धुळीतच बसली आणि एकेक फोटो पुढे सरकवू लागली. मध्ये एकही फट नव्हती. पॅराशूटची पिशवी बाहेर आली, ती ठरलेल्या उंचीवरच. कापड सुटलं. पण त्याच्या दोऱ्या एकमेकींत वेणीसारख्या गुंतत गेल्या होत्या, आणि ती वेणी खालून वर चढताना फोटोगणिक दिसत होती.

"कार्लोस, इकडे ये. वेळ बरोबर आहे. तुझं सर्किट बरोबर आहे." तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "आपली घडी चुकतेय. दोऱ्या आपण गुंडाळून भरतो, म्हणून सुटताना पीळ पडतो. नागमोडी भरल्या तर सरळ सुटतील."

कार्लोसनं ते फोटो तीनदा पाहिले. मग तो तिच्याशेजारी बसला आणि त्यानं दोऱ्या सोडवायला घेतल्या. आपण केलेलं सर्किट दोषी नव्हतं हे कळल्यावर त्याचे खांदे केवढे सैल झाले, ते मी पाहिलं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी पंख एपॉक्सी गोंदानं जोडला आणि दोऱ्या नागमोडी घालून मध्ये कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावले. रविवारी सकाळी वॉल्टर आजोबा तपासायला आले. त्यांनी जोडलेला पंख हातानं हलवून पाहिला, अंगठा दाबून पाहिला. "पंखाचं ठीक आहे. पण पॅराशूट दोनदा फसलंय. मी परवानगी का देऊ?"

मनूनं लॅपटॉप उघडला आणि त्यांना तो अख्खा क्रम दाखवला. काय झालं, का झालं, आता काय बदललं, काय मुद्दाम बदललं नाही. कुठे घाई नाही, कुठे आवाज चढवणं नाही. म्हातारबाबा चष्मा कपाळावर सरकवून शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "मला हे असं कुणी इतकं नीट दाखवलेलं फार दिवसांत आठवत नाही. जा, लाव रुळावर."

वारा पडलेला होता. रॉकेट गेलं. मी बटण दाबलं, सोडलं, वाट पाहिली. केशरी पॅराशूट बाहेर पडलं आणि एका झटक्यात गोल, भरगच्च उघडलं. रॉकेट इतक्या शांतपणे खाली येत होतं, की सायलीनं माझा दंड घट्ट पकडलाय हे मला ते जमिनीला टेकल्यावर कळलं. टीम आरडाओरडा करत पळत सुटली. मनू पळाली नाही. ती होती तिथेच उभी राहून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती. तो फोटो मी काढला नाही. कॅमेरा सायलीकडे दिला आणि मनूकडे गेलो.

"दादा, उघडलं रे," एवढंच ती म्हणाली.

परतीचा रस्ता तोच, पण लवकर संपला. मनू आमच्याबरोबरच फ्रिस्कोला आली, मागच्या सीटवर ॲबिलीनपर्यंत गाढ झोपून. सोमवारी सकाळी पोहे केले आणि नागपूरला आई-बाबांना व्हिडिओ कॉल लावला. आईनं फोटो पाहून दृष्ट काढल्याची खूण केली आणि लगेच "किती वाळलीस" सुरू केलं. बाबा वीज खात्यातून निवृत्त झालेत, आयुष्यभर खांबांवर चढून तारा ओढलेला माणूस. मनूच्या शिक्षणाचं त्यांना कौतुक आहे, पण फोनवर ते तिला जेवण, तब्येत आणि थंडी यापलीकडे काही विचारत नाहीत.

"तो वेणीचा फोटो परत लाव," ते अचानक म्हणाले. बराच वेळ त्यांनी तो पाहिला. "मनू, दोरी गुंडाळताना तुम्ही दर वेढ्याला उलटा पीळ देत होता का?"

"नाही बाबा. तेच चुकलं."

"मग सुटताना गुंतणारच ती. आम्ही तार सोडताना काय करायचो, सांगू?"

"थांबा, मी पेन घेते," मनू म्हणाली आणि खुर्ची ओढून स्क्रीनच्या अगदी जवळ बसली.

पुढे बाबा आपल्या हातांनी हवेत वेढे घालून दाखवत होते, मनू "म्हणजे असं?" करत चार्जरच्या वायरवर ते करून बघत होती, आणि मध्येच बाबा म्हणत होते, "नाही नाही, तू केलंस तेच बरोबर, माझी तार जड असायची." आई दोनदा काहीतरी विचारायला गेली आणि हसून थांबली. मला ऑफिसच्या कॉलला जायचं होतं. मी गेलो नाही. पोह्यांची बशी घेऊन दोघांच्या मधे न येता, स्क्रीनच्या कडेला, गुपचूप बसून राहिलो.